गाइड वाचून पास होता येतं, मग कॉलेजात कशाला जायचं?

नाशिक जिल्ह्यातल्या कळवण तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: बारावी सायन्सला ६८ टक्के पडले, पुण्यात बीएस्सीला प्रवेश मिळतोय, केमिस्ट्री करायची इच्छा आहे. चुलतभाऊ पुण्यातच शिकलेला. तो सांगतो, लेक्चरला कुणी बसत नाही, शेवटचे पंधरा दिवस गाइड वाचलं की पास. मग घरच्यांनी तीन वर्षं खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे का भरायचे? आणि लाखभर पोरांच्या विद्यापीठात आपल्याला ओळखणार कोण? पहिल्या दिवशी सोबत काय न्यायचं, हेही त्याने शेवटी विचारलंय.

मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका कॉलेजात चोवीस वर्षं केमिस्ट्री शिकवते. पेपर काढलेत, तपासलेत, प्रॅक्टिकलच्या परीक्षा घ्यायला गावोगावी फिरलेय. तुला 'तू'च म्हणते, वर्गात सगळ्यांना म्हणते तसंच.

आधी चुलतभावाच्या बाजूने बोलते, कारण तो खोटं सांगत नाहीये. पंधरा दिवसांत पास होता येतं. असे पेपर मी दर हंगामात तपासते आणि त्यांना पास करते, कारण उत्तरपत्रिकेत जे लिहिलंय त्याचेच गुण द्यायचे असतात. तेव्हा 'पास होईन का' हा तुझा खरा प्रश्न नाहीच. रोज सकाळी उठून कॉलेजात गेल्याने असं काय मिळतं, जे कळवणला बसून गाइडमधून मिळणार नाही, हे तुला विचारायचंय. आणि ते ज्या जागेत मिळतं ती जागा विद्यापीठ नव्हे, हे बहुतेकांना दुसरं वर्ष संपताना कळतं.

हे जरा मागे जाऊन सांगावं लागेल. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली, तेव्हा डोळ्यासमोर लंडन विद्यापीठाचा नमुना होता. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. झालेले रानडे आणि भांडारकर हेसुद्धा शिकले कॉलेजात, विद्यापीठाने त्यांची परीक्षा घेतली. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघालं, तोवर फर्ग्युसनसारखी कॉलेजं मुंबईलाच जोडलेली होती. व्यवस्था मात्र तीच राहिली. आज पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं या एका विद्यापीठाखाली आहेत. म्हणजे तू कळवणच्या कॉलेजात शिकलास काय आणि पुण्यात शिकलास काय, पदवीवर नाव एकच येणार. (घरच्यांशी भाड्याचं बोलशील तेव्हा हेही प्रामाणिकपणे सांग.) गणेशखिंडीतला चारशे एकरांचा तो झाडीचा परिसर तुला फोटोत दिसला असेल. तिथे मुख्यतः एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी.वाले असतात. तुझा तिथे संबंध आला तर एखाद्या दाखल्यासाठी खिडकीपुढे रांगेत उभं राहण्याचा.

म्हणून 'मोठ्या विद्यापीठात हरवून जाईन का' या भीतीत फारसं तथ्य नाही. विद्यापीठाला तू माहीतच नसणार, तेव्हा हरवायचा प्रश्न कुठे येतो? त्याच्या दृष्टीने तू एक पीआरएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, आणि उत्तरपत्रिकेवरचा एक बारकोड. तुझा पेपर माझ्याकडे तपासायला आला तरी तो तुझा आहे हे मला कळायचं नाही, आणि ते बरंच आहे. तुझं शिकणं घडणार आहे एका वर्गात आणि प्रॅक्टिकलच्या पंधरा-वीस जणांच्या बॅचमध्ये.

आता नव्या पद्धतीबद्दल. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम सुरू झालाय. एका सेमिस्टरला २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२, आणि चौथं वर्ष करून ऑनर्स घेतलंस तर १७६. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, प्रॅक्टिकलचं एक म्हणजे तीस तास. सेमिस्टर धरायचं पंधरा आठवड्यांचं. तेव्हा दोन क्रेडिटची प्रॅक्टिकल म्हणजे आठवड्याला चार तास उभं राहणं, हे आताच लक्षात घे. समजा २२ पैकी आठ क्रेडिट प्रॅक्टिकलची निघाली, तर सोळा तास प्रयोगशाळेत आणि चौदा तास वर्गात, असे आठवड्याचे तीस तास झाले. आर्ट्सच्या मुलाचं गणित वेगळं असतं; तो दुपारी मोकळा होतो, तू होणार नाहीस. म्हणून अर्धवेळ नोकरी करणाऱ्या बीएस्सीच्या पोरांची फार ओढाताण होते.

शिवाय विषयांची खिचडी असते. मुख्य विषय, त्याच्याजोडीला मायनर म्हणजे दुय्यम विषय, दुसऱ्या शाखेतला एखादा खुला विषय, भाषा, पर्यावरण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्याचा विषय, वर एनएसएस किंवा खेळ असं काहीतरी. मुलं या छोट्या दोन क्रेडिटच्या विषयांना हसतात आणि नेमके त्यातच अडकतात. दोन क्रेडिटच्या विषयाला आमच्याकडे ५० गुण: १५ अंतर्गत, ३५ लेखी. अंतर्गत म्हणजे चाचणी, असाइनमेंट, कधी तोंडी. त्या पंधरात बारा-तेरा मिळवणं अवघड नाही, फक्त त्या दिवशी हजर असावं लागतं. पंधरा दिवसांच्या अभ्यासाचं चुलतभावाचं गणित इथे कोसळतं. चाचणी ऑगस्टमध्ये होऊन गेलेली असते आणि हा नोव्हेंबरमध्ये 'मॅडम, काही करता येईल का' म्हणत स्टाफरूमच्या दारात उभा राहतो.

एका वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायची सोयही आता आहे. घरी खरोखरच अडचण आली तर ती सोय आहे हे चांगलंच. पण केमिस्ट्रीतल्या एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर कुणी नोकरी दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे ते मनात धरून येऊ नकोस. आणि हो, पुण्यात एबीसी म्हटलं की आम्हाला अप्पा बळवंत चौक आठवायचा, जुनी पुस्तकं मिळायची जागा. आता कॉलेजात एबीसी आयडी मागतात तो क्रेडिटच्या खात्याचा, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा. आधार आणि मार्कशीटवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आताच बघून ठेव. या एका कारणाने ऑफिसच्या चकरा मारणारी मुलं दरवर्षी असतात.

आता मूळ प्रश्नाकडे येते. एक प्रसंग सांगते, तोही अगदी साधा.

पहिल्या वर्षाची टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणाने दुसऱ्याची तीव्रता मोजायचा प्रयोग. कोनिकल फ्लास्कमध्ये पिपेटने दहा मिलिलिटर ऑक्झॅलिक ॲसिड, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून सांगणारं द्रव्य), ब्युरेटमध्ये (खाली तोटी असलेल्या मापाच्या नळीत) सोडियम हायड्रॉक्साइड. थेंब थेंब सोडायचं, रंगहीनचा फिकट गुलाबी झाला की थांबायचं. एका मुलाचं जर्नल तपासायला आलं: ९.८, ९.८, ९.८. तिन्ही रीडिंग तंतोतंत. मी म्हटलं, माझ्यासमोर एकदा कर. १०.३ आलं. तो गोंधळला, त्याला वाटलं आपलं चुकलं. चुकलं नव्हतंच. त्याने सीनियरच्या जर्नलमधला आकडा उतरवला होता, आणि सोडियम हायड्रॉक्साइड असं द्रव्य आहे की ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. बाटलीतलं द्रावण दिवस जातील तसं फिकं होत जातं, मग तेवढ्याच ॲसिडला ते जास्त लागतं. म्हणूनच तर हा प्रयोग करायचा असतो! बाटलीवर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येत असता, तर टायट्रेशन करायची गरजच काय होती? त्याने प्रयोगाचा हेतूच उतरवताना पुसून टाकला होता.

त्याच बॅचमध्ये एक मुलगी होती, मराठी माध्यमातून आलेली, वर्गात कधी तोंड उघडायची नाही. तिच्या जर्नलमध्ये ११.१, १०.३, १०.३ आणि पहिल्या रीडिंगपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात 'रंग गडद झाला, माझी चूक'. तिला मी त्या दिवशी नावाने ओळखायला लागले. पुढच्या वर्षी 'आविष्कार'च्या संशोधन स्पर्धेसाठी दोन मुलं हवी होती, तेव्हा पहिलं नाव तिचंच डोक्यात आलं. टक्केवारीत ती वर्गात बाराव्या की चौदाव्या नंबरावर असेल.

गाइडमध्ये लिहिलेलं असतं 'रंगहीन ते फिकट गुलाबी'. फिकट म्हणजे किती, हे गाइड सांगू शकत नाही. तोटी फिरवणारा डावा हात आणि फ्लास्क हलवणारा उजवा, यांचा मेळ बसायला सात-आठ प्रॅक्टिकल जातात. तेही जाऊ दे, हात बसायला यूट्यूब पाहूनही कुणी शिकेल म्हण. मोठी गोष्ट ही की कुणीतरी शेजारी उभं राहून 'हे रीडिंग तू घेतलंस की कुणाचं घेतलंस?' असं विचारतं. हे विचारणारं माणूस तुला मिळालं, तर पुण्याचं भाडं वसूल.

पण ते मिळेलच याची खात्री मी देत नाही. इथे परिस्थितीवर फार अवलंबून आहे. बऱ्याच कॉलेजांत प्राध्यापकांच्या कायम जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि शिकवणारे तासिका तत्त्वावरचे असतात. त्यातले कितीतरी उत्तम शिकवतात, पण तासाप्रमाणे पैसे, तेही उशिरा. मग मार्चमध्ये दुसरीकडे काही मिळालं की जातात. त्यांना दोष कसा द्यायचा? काही ठिकाणी प्रयोगशाळेत चार जणांत एक ब्युरेट असते, तीन बघतात आणि एक करतो. म्हणून प्रवेश पक्का करण्याआधी एक दिवस काढून कॉलेजात ये. माहितीपत्रकातले फोटो बघू नकोस. दुपारी प्रॅक्टिकलच्या वेळी केमिस्ट्री विभागाच्या पॅसेजमधून चक्कर मार. वास येतोय का, मुलं उभी आहेत की बाकावर बसून जर्नल उतरवतायत, लॅब असिस्टंट जागेवर आहे का, एवढं बघ. दहा मिनिटांत कळेल. स्वायत्त कॉलेज असेल तर परीक्षा ते स्वतः घेतात, निकाल सहसा लवकर लागतात आणि अभ्यासक्रम थोडा ताजा असतो. पण पॅसेजची चाचणी त्यांनाही लाव. आणि हीच चाचणी कळवणच्या कॉलेजालाही लाव. तिथली प्रयोगशाळा चालती असेल, तर पुण्याचा हट्ट धरण्याचं कारण निम्म्याने कमी झालं, हे मी पुण्यात राहून सांगतेय.

पुण्याच्या बाजूने राहिलेलं निम्मं कारण म्हणजे आजूबाजूला असलेल्या संस्था. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० पासून. आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे. विद्यापीठाच्याच आवारात आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र आहे. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आयुकाचे दरवाजे सगळ्यांना उघडे असतात आणि नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर तर जत्राच भरते. मी दरवर्षी वर्गात सांगते. साठातले चार जातात. त्या चौघांतले एक-दोन पुढे एम.एस्सी.ला कुठे ना कुठे दिसतात. गेल्यामुळे दिसतात की मुळात तशी होती म्हणून गेली, ते मला सांगता येणार नाही.

इंग्रजीचं तू लिहिलं नाहीस, पण ओळींमधून कळतंय. पहिले दोन महिने जड जातील, हे धरूनच चल. बीएस्सीचे पेपर बहुतेक सगळी मुलं इंग्रजीतच लिहितात. पण तपासणाऱ्याच्या जागेवरून सांगते: आमच्यापुढे गठ्ठा असतो, आणि व्याकरण तपासायला आम्ही तिथे बसलेलो नसतो. मी काय शोधते? व्याख्या एका ओळीत आहे का, समीकरण संतुलित आहे का, आकड्यापुढे एकक आहे का, आकृतीला नावं दिलीत का. चार तुटक वाक्यं आणि एक बरोबर समीकरण यांना मी दीड पान सुंदर इंग्रजीपेक्षा जास्त गुण देते. पाच गुणांच्या उत्तराला सप्लिमेंटवर सप्लिमेंट घेणारी पोरं बघून वाईट वाटतं. वर्गात मराठीत समजून घे, वहीत मराठी वाक्यात इंग्रजी संज्ञा लिही, आणि रात्री त्यातली पाच वाक्यं इंग्रजीत कर. पाचच. ऑक्टोबरपर्यंत हात चालायला लागतो. शंका मराठीत विचारायला लाजू नकोस. शिकवणाऱ्यांतले निम्मे तुझ्यासारखेच तालुक्यातून आलेत, मीही आलेय.

निकाल लागल्यावर एखाद्या विषयात अनपेक्षित गुण दिसले, तर रडत बसायच्या आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागव. मुदत थोडे दिवसच असते, नोटीस बोर्डावर लक्ष ठेव. कॉपी हातात आली की ती आपल्या शिक्षकाला दाखव आणि मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भर. दहातली सात-आठ मुलं कॉपी बघूनच गप्प होतात. उरलेल्यांचं खरंच काहीतरी राहिलेलं असतं: एखादं पान न तपासलेलं, बेरीज चुकलेली. एखादा विषय राहिलाच, तर 'बॅक' राहिली म्हणून आयुष्य बुडत नाही. पण पहिल्या सेमिस्टरची बॅक तिसऱ्यात काढू, असं म्हणणारे ती पाचव्यात काढतात.

पैशांचं थोडक्यात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज सुरू झाल्या आठवड्यातच भर. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला गावाकडून निघतानाच काढून आण, इथून परत जाण्यात दोन दिवस आणि एसटीचं भाडं जातं. विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना कॉलेजांतून चालते, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने. ग्रंथालयात, बागेत, ऑफिसात तासाप्रमाणे काम मिळतं. पैसे फार नसतात, मेसचा काही भाग सुटतो. पण ग्रंथालयात काम करणारी मुलं आपोआप पुस्तकं चाळायला लागतात, हे मी पाहिलंय. राहण्यासाठी विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्थांची वसतिगृहं आहेत, ग्रामीण भागातल्या मुलांसाठीच काढलेली. त्यांच्या मुलाखती लवकर होतात, आजच चौकशी कर.

हजेरी ७५ टक्के लागते. नियम सगळीकडे तोच, अंमल सगळीकडे वेगळा. ऑगस्टात पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमी, मग गणपती, ढोल-ताशा पथकं. माझा अर्धा वर्ग त्या काळात दिसत नाही. नाटकात जायचं असेल तर जरूर जा, आमच्या विभागातले दोन चांगले विद्यार्थी नाटकवालेच होते. फक्त येऊन सांग, 'मॅडम, तीन आठवडे तालीम आहे, प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करू का?' सांगून गेलेल्याची सोय होते. न सांगता गेलेल्याचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागतं आणि मग वडिलांना कळवणहून बोलवावं लागतं.

चुलतभावाला एक विचार: तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टला त्याचे मार्गदर्शक शिक्षक कोण होते, आणि एम.एस्सी.च्या किंवा नोकरीच्या अर्जावर शिफारस द्यायला त्याने कुणाला सांगितलं? पंधरा दिवसांवाल्या मुलांना तिथे लिहायला नाव नसतं. माझ्याकडे अशी मुलं येतात. मी पत्र नाकारत नाही, पण त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नसतं, मग 'वर्तणूक चांगली' एवढंच लिहून सही करते. समोरचा ते वाचतो आणि त्याला कळायचं ते कळतं.

पहिल्या दिवशी काय न्यायचं: सुती ॲप्रन, पूर्ण बाह्यांचा. नायलॉनचा स्वस्त मिळतो, तो घेऊ नकोस. बर्नरपाशी पेटला तर वितळून अंगाला चिकटतो. काचेवर लिहायचा मार्कर, जुना सुती रुमाल, दोनशे पानी वही. पायात बंद बूट, चप्पल चालणार नाही. जर्नल कॉलेजातूनच घ्यावं लागेल, बाहेरून आणू नकोस. आणि सीनियरने आपलं जुनं जर्नल दिलं तर घे, आकृत्या बघायला उपयोगी पडतं; रीडिंगच्या पानांना मात्र स्टेपलर मारून ठेव.